ढग बसला होता

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नलूजवळ नाही. नलू म्हणजे माझी धाकटी बहीण, कोथरूडला असते, माझ्या गुडघ्यापासून गॅसच्या नळीपर्यंत तिला सगळं ठाऊक असतं. पण हे नाही. आणि जिच्याजवळ बोलायला हवं तिच्याजवळ तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? काय सांगू... दमले आहे. तीन वर्षं एक गोष्ट तोंडात धरून वावरायचं म्हणजे जबडा दुखतो हो.

एक माणूस गेला. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि तुम्हाला वाटेल, या बाईला नुसतं मन मोकळं करायचंय. मन मोकळं बिकळं काही होत नसतं. एक माणूस गेला, आणि तो जाऊ नये म्हणून मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आमची सोसायटी बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. चौथा मजला. मागच्या गॅलरीतून डोंगर दिसतो. उन्हाळ्यात दिसतं काय तर काळा कातळ, मुरूम, चार बाभळी आणि कुणी कुणी खणून तोडलेले लचके. हिरवं म्हणाल तर औषधालाही नाही. त्याच डोंगरातून एक ओढा निघतो आणि आमच्या भिंतीला वळसा घालून खाली वस्तीतून जातो. ओढा आपला म्हणायचा. वर्षातले नऊ महिने त्यात पाणी सोडून सगळं असतं. गाद्या, थर्माकोल, नारळ, फुटके कमोड. मुलं त्यात क्रिकेट खेळतात. नव्याने राहायला आलेली माणसं तर त्याला 'तो शॉर्टकट' म्हणतात.

त्या ओढ्याच्या काठाला, रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली, शमीमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि बाहेर फॉल-पिकोची पाटी. मागच्या खोलीत तिचे वडील. सगळी वस्ती त्यांना अब्बा म्हणायची, मीही म्हणायचे. शमीम माझी विद्यार्थिनी. नकाशे सुरेख काढायची, उत्तरं मात्र अर्धी लिहायची. अब्बा बुकबाइंडर. तीन पिढ्या पुण्यात वह्या-पुस्तकं बांधण्यात गेलेल्या. अर्धांगवायूने पाय गेले आणि ते खुर्चीला खिळले. जीभ मात्र शाबूत होती. अहो, कसली शाबूत! त्यांच्याशी बोलताना मी माझे ळ आणि ण नीट जागेवर आहेत ना, हे बघून घ्यायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "अब्बा, तब्येत कशी आहे?" तर म्हणाले, "उत्तम. पाय सोडून सगळा मी चालू आहे."

साडीला फॉल लावून होईपर्यंत मी तिथे बसत असे. त्या बसण्यातच एकदा ढगांचा विषय निघाला. मी म्हटलं, वळवाचा ढग असतो ना, तो काळा किती आहे याला महत्त्व नाही. तो चालतो की बसतो ते बघायचं. चालता ढग चार सरी इथे टाकतो, चार तिथे, आणि पुढे जातो. पण वरचा वारा पडला की ढग एका जागी बसतो, आणि असेल नसेल ते सगळं तिथेच ओततो. नळ सोडून बादली त्याखाली विसरली की काय होतं, तसं. आणि आमचा डोंगर हा असा! उन्हाने भाजलेला, कातळाचा. पाणी मुरायला जागा नाही, धरायला झाड नाही. सगळं उतरणार ते ओढ्यात. खाली ऊन असतानाही पूर येऊ शकतो, कारण पाऊस वर पडलेला असतो.

शमीम ऐकता ऐकता थांबली. मशीनवरचा पाय काढून म्हणाली, "बाई, मग तुमच्या गॅलरीतून दिसत असेल ना?"

दिसत होतंच. डोंगरावर मोबाईलचा टॉवर आहे. ढगाची कड टॉवरला लागली की मी घड्याळ बघायचे. चहा टाकून, पिऊन, कप विसळेपर्यंत कड टॉवरच्या पुढे गेली तर ढग चालता. नाही गेली तर बसला. मग आमचं ठरलंच. बसला असं वाटलं की मी फोन करायचा. शमीमला, आणि ती बाहेर असेल तर सरळ अब्बांना. त्यांच्या उशाशी बटणांचा एक छोटा फोन असायचा. जास्त काही बोलायचंच नाही. "बसला." एवढंच. मग शेजारचा सोपान त्यांना खुर्चीसकट उचलून आमच्या जिन्यात आणून ठेवणार. सोपान मार्केट यार्डात हमाली करतो. पोती उचलणारा माणूस, त्याला अब्बांचं काय ओझं!

आणि मी तसा फोन केलाही. एकदा. मेच्या सुरुवातीला. कड टॉवरवर येऊन जी थांबली ती हलेना. मी फोन केला, "बसला!" शमीमने गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप टाकलेली होती, ती तशीच सोडून ती धावली. सोपान आला, आणखी दोघे आले, अब्बांची खुर्ची उचलून रस्त्याने वर आणली. मी सोसायटीतल्या लोकांनाही भिंतीजवळच्या गाड्या काढायला लावल्या. पाऊण तास सगळे जिन्यात उभे. थेंब नाही. ओढ्यातून एक कुत्रं चालत गेलं.

पाऊस पडला होता हो! डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडला, पाणी पलीकडे गेलं. मी चुकले नव्हते. पण हे कुणाला सांगणार? आणि सांगितलं तर ऐकणार कोण?

पुण्यात राहता ना? मग पुढचं मी सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लागली: 'डोंगरावरील ढगांनी सभासदांच्या लेखी परवानगीशिवाय बसू नये. — भूगोल विभाग.' अक्षर सेक्रेटरींचं. भाजीवाला विचारायला लागला, "बाई, कोथिंबीर देऊ, की पूर ओसरल्यावर नेता?" लिफ्टमध्ये माणसं छताकडे बघून म्हणायची, आज काय, बसलाय की उभा आहे? मी हसायचे. दात दाखवून हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

आणि अब्बा. त्या दिवशी जिन्यातून परत नेताना ते खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई, वरात झकास झाली. पण नवरी दाखवायची राहिली." सगळा जिना खो खो हसला. शमीमसुद्धा. ते प्रेमाने म्हणाले होते, मला कळत होतं. एकतीस वर्षं मी स्वतः मुलांना असंच बोलत आले होते की! पण मला ते जिव्हारी लागलं. फळ्यापेक्षा, भाजीवाल्यापेक्षा तेच जास्त लागलं. ज्यांच्यासाठी मी गॅलरीत डोळे फोडत होते त्यांनीच मला जिन्यात उभं करून माझं हसं केलं. असं मला वाटलं. साठी उलटलेली बाई मी, आणि रुसले. लहान पोरीसारखी रुसले.

आता यायलाच हवं त्या दिवसावर. किती वेळ टाळू?

दोन-तीन आठवड्यांनंतरची गोष्ट. दुपारचे चार वाजून गेले होते. उकाडा असा की गॅलरीचे गज हाताला चटका देत होते. डोंगरामागून ढग वर आला. पांढरा, मग राखाडी, मग खालून काळाशार. कड टॉवरला लागली. मी सवयीने चहा टाकला. प्याले. कप विसळला. कड तिथेच. मी मुद्दाम भांडीही घासली — कप नव्हे, सगळी भांडी. परत येऊन बघते तर कड टॉवरवरच, आणि मागचा डोंगर दिसेनासा झालेला. वर ओतत होतं. खाली वस्तीत लख्ख ऊन. वाळत घातलेले कपडे कुणी काढलेले नव्हते.

ढग बसला होता. मला माहीत होतं. वाटलं होतं, शंका आली होती, असलं काही नाही. माहीत होतं.

फोन हातात घेतला. शमीमचं नाव काढलं. आणि मला जिना दिसला. परत ती खुर्ची, परत ते हसणं, परत फळा. समजा हेही पाणी पलीकडेच गेलं तर? पण तेवढंच असतं तर मी भित्री आहे म्हणून सोडून दिलं असतं. तेवढंच नव्हतं. आत कुठेतरी एक घाणेरडा आवाज होता: गरज त्यांना आहे ना? मग विचारू दे की त्यांनी. एकदा म्हणू दे, बाई, ढग काय म्हणतोय. मग सांगेन.

तेवढ्यात नलूचा फोन आला. लोणच्याच्या कैऱ्या. तिच्याकडच्या कैऱ्या आतून पिकलेल्या निघाल्या होत्या, आता काय करायचं? मी गॅलरीत उभी राहून तिला कैऱ्यांचं सांगत होते आणि डोळे टॉवरवर. मध्येच मी म्हटलं, "नलू, आमच्याकडे ढग बसलाय गं." ती म्हणाली, "परत? ताई, तू आता गप्प राहा बाई. पुन्हा फळ्यावर जाशील." आम्ही दोघी हसलो. तो शब्द मी बोलले, बघा. ज्यांच्यासाठी ठरला होता त्यांना सोडून कोथरूडला बोलले.

आणि मग कानात टुक टुक वाजलं. दुसरा फोन येत होता. मी फोन कानापासून लांब धरला. 'शमीम पिको.'

ती मार्केट यार्डला गेली होती. अब्बांना आंबा आवडायचा, शेजारणीबरोबर निम्मी निम्मी पेटी करून आणणार होती. तिथून तिला डोंगराकडचं आभाळ दिसलं असणार. विचारायला फोन केला होता. मला हवं होतं तेच — तिने विचारलं. आणि मी काय केलं? त्या अक्षरांकडे बघत राहिले. मनात म्हटलं, आता कशी आठवण झाली? दुसऱ्यांदा केलास तर घेईन. नलू तिकडे बारीक आवाजात मिठाचं विचारत होती. टुक टुक थांबलं. मी फोन परत कानाला लावला आणि सांगितलं, मीठ भाजून घे.

दुसऱ्यांदा तिने केला नाही.

आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुठेतरी खडीचा ट्रक रिकामा होतोय. पण तो थांबेचना. भिंतीच्या वळणावरून पाणी आलं. त्याला पाणी तरी कसं म्हणू? चिखल, दगड, गाद्या, एक अख्खं बाभळीचं झाड. पुढची रस्त्याखालची मोरी त्या गाद्यांनीच तुंबली असणार, कारण पाणी पुढे जायचं सोडून वस्तीत चढायला लागलं. आमच्या गच्चीवर एक थेंब पडलेला नव्हता. मी गॅलरीतून ओरडले. चौथ्या मजल्यावरून ओरडलेलं कुणाला ऐकू जातं? मग जिना उतरले, धावले. फोन टेबलावरच राहिला. तेव्हासुद्धा मी फोन केला नाही, हेही सांगून ठेवते.

रस्त्यावर पोचले तेव्हा तिन्ही पायऱ्या गेल्या होत्या आणि फॉल-पिकोची पाटी अर्धी पाण्यात होती. सोपान कमरेला दोर बांधून दाराशी झुंजत होता. आतल्या पाण्याने दार धरून ठेवलं होतं. उघडलं तोवर... उशीर झाला होता.

संध्याकाळी शमीम आमच्या जिन्यात बसली होती. बायकांनी तिला धरलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. खरं सांगते, सांगायलाच गेले होते, असं आता मला वाटतं. पण कुणी सांगावं, तसं मी नंतर ठरवलं असेन. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, मी तुम्हाला लावला होता. बिझी लागला. तुम्ही अब्बांनाच लावत होतात ना?"

मी म्हटलं, "हो."

बघा, किती सोपं होतं. तिनेच खोटं तयार करून माझ्या हातात ठेवलं, मला रचावंसुद्धा लागलं नाही. वर मी जोड दिली, "लागेचना गं." टॉवर त्या संध्याकाळी बंद पडलेलाच होता. सगळ्यांचेच फोन मुके झाले होते. कोण कशाला शंका घेणार? दुपारी तो छान चालू होता, हे नलूला आणि मला ठाऊक. नलूच्या लक्षातही नाही.

नंतर काय झालं माहीत आहे? माझा सत्कार झाला. फळ्यावरची सूचना पुसून सेक्रेटरींनी सर्वांसमोर माझी माफी मागितली. स्वच्छ, नेमक्या शब्दांत. असे लोक माफीही टापटीप मागतात. म्हणाले, बाईंनी सावध केलं होतं, आम्ही थट्टा केली. शाल, श्रीफळ. शाल शमीमने घातली. मी म्हटलं, अगं, कशाला! आणि खांदे पुढे केले.

आता डोंगरावर ढग आला की सगळी सोसायटी मला विचारते. मी सांगते आणि लोक ऐकतात. आणि शमीम? ती आता वर आमच्याच गल्लीत भाड्याने राहते, दर आठवड्याला येते. बोलता बोलता मध्येच म्हणते, "मी गेलेच कशाला, बाई? आंब्यांनी काय अडलं होतं?" तीन वर्षं हेच. तिने आंबा सोडलाय. झोपेच्या गोळ्या घेते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, तुझी काय चूक गं? असं म्हणताना माझा आवाज कापतही नाही. ही खरी घाण आहे, त्या दुपारपेक्षाही मोठी. त्या दुपारी मी पाच-दहा मिनिटं वाईट वागले. तिच्या डोक्यावर मात्र माझं ओझं मी तीन वर्षं ठेवलंय, आणि वर तिला चहा पाजते.

अजून एक राहिलं. ते सांगितलं नाही तर सगळं सांगितलं असं होणार नाही.

सत्काराच्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर सोपान जिन्यात थांबला होता. त्याला माझं कौतुकच करायचं होतं. म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याचा लई इस्वास हुता तुमच्यावर. मी त्या दुपारी घरीच हुतो. वर काळं दिसलं म्हून मी आधीच गेलो, म्हनलं, आब्बा, चला, उचलतो. तर म्हनले, थांब रे. बाईंचा फोन आलेला नाही. त्या बघत असणार, त्या बघतातच. फोन नाही म्हणजे ढग चालता आहे." मग सोपान आपल्या बायको-मुलांना वर नेऊन ठेवायला गेला, आणि परत येईतो पाणी दारात. "शमीमताईला ह्ये न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "उगा जिवाला लागंल. तुमचा फोन लागला न्हाई, त्याला तुम्ही तरी काय करनार?"

मी मान हलवली. नारळ हातात होता, तो या हातातून त्या हातात घेतला.

माझी थट्टा करणारा तो माणूस, सगळ्या वस्तीत तेवढा एकच माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून होता. उशाशी फोन घेऊन वाट बघत होता. बाहेर सोपान उचलायला उभा, आणि हा म्हणतो थांब.

सोपानला वाटतं फोन लागला नाही. शमीमला वाटतं मी लावत होते. मी लावला नाही. लावला असता तर लागला असता, आणि अब्बांनी पहिल्या रिंगला उचलला असता.